सासूची किडनी आणि पाठराखीण पेशी

दवाखान्यातल्या बाकड्यावर रिपोर्ट उशिरा येतात, किस्से मात्र आधीच तयार असतात! माझ्याकडे तर ढीग साठलाय. कारण माझ्या पोटात सासूबाईंची किडनी आहे. म्हणजे आमच्या आत्याबाईंची.

*

सून काही रक्ताची नाही, म्हणून सरकारी समितीनं आत्याबाईंना एकटीला आत बोलावलं. ‘‘किडनी द्यायला घरातून दबाव तर नाही ना?’’

आत्याबाई गोंधळल्या. ‘‘दबाव? सासूवर? कोण टाकंल?’’

समितीतले साहेब हसू दाबत सही करून मोकळे झाले.

*

ऑपरेशननंतर उस्मानपुऱ्याची मावशी गुळवेलीचा काढा घेऊन पुंडलिकनगरला आमच्या घरी हजर. ‘‘पी गं, इम्युनिटी वाढती!’’

आत्याबाई दारातच आडव्या आल्या. ‘‘ती आम्ही गोळ्या देऊन पाडतोय, अन् तुम्ही वाढवताय? वाढली तर किडनीलाच परकी म्हणून हाणंल की!’’

जन्मभर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ऐकलेली मावशी बावचळली. तसं मलाही अजून नीट कळलेलं नाही. शेवटी काढा मावशीनंच पिऊन टाकला.

*

बाकड्यावर आमचे शेजारी शेखचाचा. संधिवाताचे पेशंट. डॉक्टर मॅडमनी त्यांना सांगितलं, ‘‘तुमच्या शरीरातले शिपाई तुमच्याच सांध्यांवर हल्ला करतायत.’’

‘‘मेरे कू तो किसीकी किडनी बी नै लगाई! अपनेच घरवालों कू मार रै?’’ चाचा विचारात पडले. ‘‘फिर तो पूरे हमारे खानदान पे गए!’’

*

मग मॅडमनी आम्हाला नवं संशोधन समजावलं. या शिपायांतच काही पेशी शांत करणाऱ्या असतात. त्या रक्तातून काढायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या, परत सोडायच्या. त्या बाकीच्यांना आवरतात, नवी किडनी टिकते.

‘‘म्हंजी पाठराखीण!’’ आत्याबाई खूश. ‘‘नव्या नवरीसंगं जाती, तशी.’’

‘‘अगदी बरोबर! किडनी ही नवरी. फक्त या पेशी माहेरच्या नाहीत, तुमच्या सुनेच्याच रक्तातल्या.’’

‘‘म्हंजी सासरच्याच? सासरचं माणूस नवरीची बाजू घेतंय व्हय? असं कुठं असतंय का!’’

रांगेतल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. चाचांनी मला ‘पाठराखीण’चा अर्थ विचारला. हसू आवरत मी सांगायला लागले.

*

मागच्या महिन्यात माझं क्रिएटिनिन वाढलं. दवाखान्यात दाखल करून बायोप्सी झाली. मॅडम म्हणाल्या, ‘‘शरीर किडनी नाकारायला लागलंय. इंजेक्शनं सुरू करू. बघू, ऐकतं का.’’

मला रडूच फुटलं. ‘‘आत्याबाई, तुमची किडनी मी वाया घालवली हो!’’

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमना विचारलं, ‘‘त्या पाठराखिणी सोडा की हिच्यात.’’

‘‘ते अजून संशोधनात आहे, आजी. इथं मिळत नाही.’’

‘‘पर वाढवायच्या आधी थोड्या तरी हिच्यात असत्यालच ना?’’

मॅडम जरा गोंधळल्या. ‘‘हो... असतात थोड्या.’’

आत्याबाईंनी खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढली. माझ्या पोटावर, टाक्यांच्या जागी हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘बायांनो, मी बी सासरचीच हाय. मी घेतली ना हिची बाजू? मग तुमाला काय झालं?’’