मशीनवाल्या काकांची वही आणि माझी सव्वीस पानं

शिलाई मशीन दुरुस्त करणारे काका आमच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत बसतात. माणूस इतका सरळ, की दुरुस्तीला आलेलं मशीन निम्म्या वेळा न उघडताच परत पाठवतात. "अहो, सुई उलटी बसवलीय. घरी जा, शिवा."

माझी मुलगी लोकांच्या वेबसाइट बनवते. काका तिचं पहिलं काम. मजकुरासाठी त्यांनी एक वही दिली होती, गिऱ्हाइकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, पानापानावर तेलाची बोटं. 'खाली धाग्याचा गुंता झाला तर बॉबिनला शिव्या देऊ नका. वरचा धागा काढून पुन्हा ओवा. तरी नाही जमलं तरच या.'

लेकीचं पहिलंच काम फसलं तर, या धास्तीने मजकूर मी माझ्याकडे घेतला. मी पदवीधर ना! तेच शब्द पुन्हापुन्हा आले की सर्चमध्ये साइट वर येते, असं कुठेतरी वाचलं होतं. 'उत्तम शिलाई मशीन दुरुस्ती' हे एकेका पानावर अकरा वेळा घातलं. मग तेच पान सव्वीस वस्त्यांच्या नावांनी सव्वीसदा केलं.

"आई, त्यांचं वहीतलंच राहू दे ना," मुलगी म्हणाली.

"गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणणारी जाहिरात कुठे पाहिलीस?" मी म्हणाले. वही रद्दीत गेली.

दोन वर्षं साइट सर्चच्या पहिल्या पानावर होती. मी नातेवाइकांत मिरवलं. मग सर्च इंजिनने निवडीची पद्धत बदलली. शब्दांची भरताड आणि एकाच पानाच्या नकला मागे ढकलल्या, वाचणाऱ्याच्या उपयोगाचं होतं ते पुढे आणलं. काका सहाव्या पानावर गेले. तिथवर कोण बघतं? फोन थांबले.

महिन्याभराने ते घरी आले. दारातच उभं राहून मुलीला म्हणाले, "पोरी, तुझ्या कामाला माझ्यामुळे बट्टा लागला."

कुणीतरी तक्रार केली म्हणून आपला नंबर घसरला, अशी त्यांची समजूत. शाळेत नंबर खाली जातो तसा. "जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावतोय. माझ्या हातचं मशीन बिघडलं का, विचारतोय. हल्ली हात जरा थरथरतो, खोटं कशाला बोलू?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी "पाणी आणते" म्हणून आत गेले आणि पेला धरून ओट्याशी उभी राहिले.

"काका, तुमची चूक नाही. नियम बदललेत," मुलगी सांगत होती.

"नियम बदलले तर सगळ्यांनाच बदलले की. मीच का घसरलो?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी बाहेर येऊन पाणी दिलं.

ते गेल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "तू सांगतेस, की मी सांगू?"

तरी मला काकांकडे जायला चार दिवस लागले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे माझा हात बिघडला नाही?"

"नाही हो."

ते हसले. "जीव टांगणीला लावलात की वहिनी! सव्वीस वस्त्या? अहो, निम्म्या मी पाहिल्यासुद्धा नाहीत." रागावले असते तर बरं झालं असतं.

वही रद्दीत घातल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र हसू मावळलं. माझ्याकडे स्टूल सरकवून म्हणाले, "लिहा." मी स्टुलावर बसले आणि ते बोलतील तसं लिहून घेतलं, एक शब्द न सुधारता. मुलीने माझी पानं काढून ते घातलं. साइट आता चौथ्या पानावर आहे. आणखी सरकेल का, तिलाही सांगता येत नाही.

पण आज कळलं, की शिवणक्लास चालवणाऱ्या बाईंनी आपली सातही मशीनं दुरुस्तीला दुसरीकडे नेली. 'स्वतःच विचारतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय,' असं त्या म्हणाल्या म्हणे. काकांनी त्यांना फोन कधी केला, ते मी विचारलं. मी घरात तोंड लपवून बसले होते त्या चार दिवसांतला तिसरा दिवस. हे काही सर्च इंजिनने केलेलं नाही.

काकांनी ज्यांना फोन केले त्यांची यादी मी मागून आणलीय. एकोणीस नावं. उद्या सकाळी दहाला पहिला फोन त्या बाईंना. 'मी वेबसाइट करणारीची आई बोलतेय' इथपर्यंत जमलंय. पुढचं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा त्यात स्वतःला वाचवलं. चौथ्यांदा लिहितेय.