समुद्राच्या बर्फावरचा हुकूम

२०१७च्या मार्चमध्ये मी मुलाकडे स्टुटगार्टला होतो. नातवाला शाळेत सोडायचं आणि घरातला कचरा चार डब्यांत वेगळा करायचा, एवढीच ड्यूटी. अशात जर्मनीतल्याच आखन विद्यापीठातून स्नेहाचा फोन आला. स्नेहा ही अंटार्क्टिका मोहिमेवरच्या माझ्या लष्करी टीममधल्या हवालदार शंकर मोहितेची मुलगी. समुद्रावर गोठलेला बर्फ किती वजन पेलतो, यावर ती तिथे पीएच.डी. करत होती.

"काका, आमचे सहा स्टुडंट्स वर्षअखेरीला अंटार्क्टिकाला जातायत. तुम्ही त्या बर्फावर गाड्या चालवल्यात. एक तास बोला. मी जर्मन करून सांगेन."

मला जायचं नव्हतं. तिचा बाप त्याच बर्फाखाली गेला होता आणि तेव्हा टीमचा प्रमुख मी होतो. पण तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? गेलो.

लेक्चर ०९०० वाजता. मी ०८४० ला हजर, पोरं ०८५९ ला. स्नेहाने मला उभं केलं आणि मी सुरुवात केली.

त्यांना सांगितलं की उत्तर ध्रुवावर समुद्र आहे आणि भोवती जमीन. दक्षिणेला उलटं. मधे जमीन आणि भोवती समुद्र. त्या दक्षिण महासागरात वाऱ्याला आडवं यायला काहीच नाही, त्यामुळे पश्चिमेचा वारा पृथ्वीला फेऱ्या घालत राहतो. केपटाऊन सोडल्यावर चौथ्या दिवसापासून आमच्यापैकी कोणी धड जेवलं नाही. हिवाळ्यात तो समुद्र किनाऱ्यापासून पार दूरवर गोठतो, उन्हाळ्यात फुटतो. जहाज किनाऱ्याच्या बर्फाला लागतं आणि सामान त्याच बर्फावरून गाड्यांनी तळावर न्यायचं. पायाखाली दीड मीटर बर्फ आणि त्याखाली शेकडो मीटर पाणी. वर ताजं हिम पडलं की भेगा झाकल्या जातात, आणि हिमाच्या पांघरुणाखाली बर्फ सडतो. दूर कुठेतरी वादळ होतं, त्याची लाट बर्फाखालून येते आणि सकाळी धड असलेली वाट दुपारी फुटलेली असते. हे मी तीन मोहिमांत शिकलो.

आमचं रूटीन ठरलेलं होतं. ०६०० वाजता ड्रिल मशीन घेऊन निघायचं, पन्नास-पन्नास मीटरवर भोक पाडून जाडी मोजायची, बांबूला झेंडी बांधायची. बर्फावर सीटबेल्ट लावायचा नाही. गाडीची दारं दोरीने उघडी बांधायची. गाडी पाण्यात गेली तर दार बंद असताना बाहेरचं पाणी ते उघडू देत नाही. नवीन जवानांना आम्ही हे पाठ करून घ्यायचो.

मग तो दिवस सांगितला. मोहितेला दोन दिवस ताप होता. मी म्हणालो आराम कर, तो म्हणाला, "जहाज थांबणार नाही साहेब." १४१० वाजता मी पुढे स्नो-स्कूटरवर, तो मागे गाडीत, गाडीला डिझेलची स्लेज, तिच्यावर एक जवान. १४३५ वाजता मागे मोठा आवाज झाला. मी वळलो तेव्हा गाडीचं नाक पाण्यात होतं. चाळीस सेकंदांत सगळं गेलं. मोहिते सापडला नाही.

इथे मी थांबलो. स्नेहाचं जर्मन मात्र थांबलं नाही, दोन वाक्यं जास्तच झाली.

"हे काय सांगितलंस?" मी विचारलं.

"दाराचं. ड्रायव्हरने नियम मोडून दार लावून घेतलं होतं, रिपोर्टमध्ये आहे ना. मी दरवर्षी सांगते. नाव नाही सांगत. आल्झो, म्हणजे त्यांना कळायला हवं काका, एका चुकीने काय होतं ते."

तो रिपोर्ट मला पाठ आहे. मागच्या स्लेजवरून उडी मारून वाचलेल्या जवानाने बंद दार पाहिलं होतं. चूक चालकाची, असं लिहिलं गेलं आणि त्याखाली मी सही केली. रेडिओवर काय बोलणं झालं ते कोणी विचारलं नाही. चॅनलवर आम्ही दोघेच होतो.

"स्नेहा, ते खोटं आहे."

"म्हणजे?"

"१४२८ ला तो रेडिओवर म्हणाला, साहेब, थंडीने बोटं चालत नाहीत, ओव्हर. मी म्हणालो, दार लाव, दोनच किलोमीटर राहिलेत, आऊट. मला त्याची दया आली होती."

पोरं वाट बघत होती. मला वाटलं ती बाहेर निघून जाईल. ती पोरांकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करत सगळं जर्मनमध्ये सांगितलं. मला त्यातलं 'माइन फाटर', माझे वडील, एवढंच कळलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने पेन खाली ठेवलं.

नंतर बसस्टॉपवर ती माझ्यापासून दोन हात दूर उभी होती.

"तुला आधी एकटीला सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"पंधरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. आणि लिहून द्या."

बस आली. ती चढली, मी पुढच्या बसने गेलो.

संध्याकाळी साताऱ्याला स्नेहाच्या आईला फोन लावला. वहिनींनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी इतकी वर्षं ह्यांच्यावर रागावून होते, भाऊजी. साधं दार उघडं ठेवता आलं नाही म्हणून." आणि फोन ठेवला.

मी आता थकलोय आणि सफाई द्यायला माझ्याकडे काही नाही. स्नेहाने सांगितलं तसं लिहून देतो: हवालदार शंकर मोहिते यांनी दार माझ्या हुकुमावरून लावलं.