टाइमआउट बाबांचा

पालीच्या स्टँडवरून मी नोकरीसाठी पुण्याला निघाले, तेव्हा आईनं फणसपोळीचा डबा दिला आणि बाबांनी शिट्टी. बाबा गावच्या शाळेत खेळाचे मास्तर, त्यांच्याकडून दुसरं काय मिळणार. ‘पोचलीस की फोन कर गो,’ एवढंच म्हणाले. थांब म्हणाले नाहीत. मला त्याचा रागच आला होता.

बास्केटबॉल मी त्यांच्याकडूनच शिकले, शाळेमागच्या तांबड्या जांभ्याच्या पटांगणावर. तिथे पडलं की गुडघा आणि जमीन एकाच रंगाची. एक नियम ते सारखा घोकून घेत: बास्केट झाली की टाइमआउट मागायचा हक्क ज्यानं ती खाल्ली त्याचा. ज्यानं टाकली त्यानं मुकाट परत धावायचं.

आता मी आठवडाभर ऑफिसात एक्सेल भरते आणि रविवारी बास्केटबॉलच्या सामन्यांना गुणलेखकांच्या टेबलवर बसते. टाइमआउटचा बझर माझ्या हाताखाली. गेल्या वर्षी समोर बाबांचाच संघ आला. निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा सामना. शेवटच्या मिनिटात त्यांच्या मुलींनी बास्केट टाकून एका गुणाची आघाडी घेतली, आणि बाबा टाइमआउटसाठी हातांचा टी करत टेबलकडे धावले. मी नकारार्थी मान हलवली.

‘काय गो, बझर बिघडला काय?’

‘बास्केट आपलीच आहे, बाबा.’

टेबलवर बसून मी ‘आपली’ म्हणाले, हे नंतर लक्षात आलं. तेवढ्यात समोरच्यांनी पळत जाऊन बास्केट केली आणि बाबा हरले. बाहेर चहा घेताना म्हणाले, ‘बरोबर केलंस. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.’

या दिवाळीनंतर पुन्हा पालीच्या स्टँडवर बसमध्ये बसले. खिडकीखाली बाबा उभे. कंडक्टरनं घंटी दिली आणि त्यांनी हळूच हातांचा टी केला. हसत होते, पण हात खाली घेईनात. गाव मी सोडलं होतं, बास्केट त्यांनी खाल्ली होती; टाइमआउटचा हक्क इतकी वर्षं त्यांचाच होता, मागितला आज. मी बॅग घेऊन उतरले. कंडक्टर काहीतरी पुटपुटला.

पुण्यातल्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे, पण तिथून निघताना मला कुणी अडवत नाही. घर कुठलं विचारलं, तर मी अजून पालीच सांगते.

‘टाइमआउट एकच मिनिटाचा असतो गो,’ बाबा म्हणाले.

मी दोन दिवस राहिले.