पारड्यात बसणारा माणूस

बारामतीत गुळाच्या अडतीवर मी तोलारी होतो, तेव्हा दर गुरुवारच्या बाजारी एक माणूस यायचा. चाळिशी उलटलेली, मान जाड, पोट मात्र आत. विकायला काही आणायचा नाही. वहाणा काढायचा, फेटा माझ्याजवळ ठेवायचा आणि गुळाच्या पारड्यात मांडी घालून बसायचा. म्हणायचा, "करा वजन, तात्या."

मला पहिल्या दिवसापासून तो सरकारी माणूस वाटला. वजनं ठेवायच्या पारड्याखाली आमच्या मालकानं शिसं चिकटवलं होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून त्याची नजर बोचायची.

एकदा विचारलंच. तो म्हणाला, "देवळाम्होरची भली थोरली दगडी गोटी उचलतो. ह्या वयात जोर वाढला की पोटबी वाढतं. गोटी वर जावी न् अंग तेवढंच ऱ्हावं, म्हून वजन बघतो."

मला पटलं नाही. त्याच्या बंडीच्या खिशात सरकारी कागद दिसतो का, तेच मी बघत राहिलो.

एका गुरुवारी पारड्यातून उठून फेटा बांधता बांधता तो सहज बोलला, "रविवारी इंदापूरच्या काट्यावर सव्वा शेर जास्ती भरलो. हितं दर खेपेला कमीच भरतो. अंग तर तेच हाय, तात्या."

तो गेला. मी रांगेतल्या पुढच्या शेतकऱ्याला खूण केली. त्यानं डोक्यावरची ढेप उतरवली, पण पारड्यात ठेवली नाही. ती जमिनीवर ठेवून तो वजनाचं पारडं उलटं करायला वाकला.