लाल रेघेवरचा अंगठा

लाल रेघेवरचा ठसा माझ्याच अंगठ्याचा होता आणि आळ मी बशीर पेंटरवर घेतला.

काल फाटकाला रंग देताना टर्पेंटाइनचा वास नाकात गेला आणि बीडमधला आमच्या गल्लीतला नवाकोरा एसटीडी बूथ आठवला. त्याच्यामागं गणपतीच्या देखाव्यासाठी बनवलेलं वाफेचं लाकडी इंजिन उभं होतं, काळंभोर. त्यावर लाल रेघा मारायचं काम मी हट्टानं घेतलेलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा बशीर "मी मारतो की" म्हणाला, तेव्हाच मला संशय आला, याला सगळं नाव स्वतःच मिळवायचंय. रोज सकाळी मी रेघ मारायचो आणि संध्याकाळी ती एका जागी फिसकटलेली दिसायची. बशीर दिसला की मी आधी त्याची बोटं बघायचो. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. खरं दुखणं तेवढंच, हे आता कळतं.

शेवटी चारचौघांत म्हटलं, "हात दाखव."

त्यानं दाखवले. स्वच्छ होते. मग वाकून त्यानं ठसा निरखला. "मधी आडवी चीर हाय. तुझा अंगठा आण बे."

करवतीनं चिरलेला माझा अंगठा ठशावर नेमका बसला. रेघ वाळली का, हे बघायला तासातासाला मीच तो टेकवत होतो.

बशीर हसलासुद्धा नाही. "बीडला इतकी वर्षं रेल्वे कावून येत न्हाई, ते आज कळलं," तो म्हणाला. "तिकडंबी रूळ पक्का झाला का ते चाचपायला तुझ्यासारखाच येडा बसवला आसंल."