वर्गात सारखी शंका असते

मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो, नळदुर्गच्या अलीकडं. दुपारी ओट्यावर बसलो होतो, तर माझी पुतणी आरती शाळेतून आली. दप्तर फेकलं आणि अख्खा तांब्या एका दमात रिकामा केला... मग दुसरा.

मी म्हटलं, एवढी तहान? वहिनी आतूनच बोलल्या, "सकाळचं पाणी बंद केलंय मी तिचं, भावजी. शाळंतबी पिऊ नको म्हणून सांगितलंय."

मला काही समजेना. लेकराचं पाणी कोण बंद करतं का...

मग कळलं, सरांचा फोन आला होता. 'तुमच्या मुलीला वर्गात सारखी शंका असते, तास पुढं सरकू देत नाही.' आता आमच्या घरात शंका म्हणजे एकच. शाळेच्या भिंतीवर 'लघुशंका' लिहून पुढं बाण काढलेला असतो, ती. मी सातवीत शाळा सोडली, वहिनींनी तर त्याच्याही आधी. दुसरा काही अर्थ असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दादा टँकर घेऊन हैदराबादकडं गेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच शाळेत गेलो, तेही तापूनच. माझं डोकं तसंही लवकर फिरतं... गुजरातला टाइल्सच्या कारखान्यात राहून राहून झालंय तसं.

गेल्या गेल्या म्हटलं, "सर, लेकरू हाय. मधी सोडत जावा की. किती वेळ धरून बसंल?"

सर म्हणाले, "अहो, मी नाही कुठं म्हणतोय? पण एका धड्याला चार-चार? तासाच्या शेवटी एकदम काढाव्यात."

"शेवटपर्यंत थांबली तर आजारी पडंल की ओ!"

सर माझ्याकडं बघतच राहिले. "आजारी? प्रश्न विचारला नाही म्हणून?"

मग काय... आम्ही कुठली शंका समजलो ते सांगताना कुठं तोंड लपवू असं झालं. सर हसून हसून खोकायला लागले. मी पण हसलो, दुसरं काय करणार.

हसणं थांबल्यावर सर म्हणाले, "हुशार आहे हो पोरगी. पृथ्वी फिरते हे शिकवत होतो. म्हणाली, मग विहिरीतलं पाणी सांडत का नाही? ते समजावलं. तर लगेच, मग पप्पांच्या टँकरमधलं का हिंदकळतं? उत्तर आहे माझ्याकडं. पण ते सांगत बसलो की तिकडं चौथीची पोरं एकमेकांच्या उरावर. चौथी-पाचवी एका खोलीत आणि मी एकटा. तुम्हीच सांगा, काय करू?"

भांडायला गेलो होतो आणि त्यांचंच पटायला लागलं...

निघताना म्हणाले, "पण आता सुधारणा आहे बरं का. फोन केल्यापासून एक प्रश्न नाही. एकदम शांत." मग स्वतःच थांबले. "फारच शांत," असं हळू म्हणाले.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. आधी पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "अगं बया! मी रोज सांगती, शंका घरनंच करून जात जा, वर्गात कशाला. तर ती म्हणती, घरी कुणाला विचारू? मी म्हणती, त्यात काय विचारायचं!" आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

आरतीला जवळ बसवलं, तेव्हा खरं कळलं. तिला वाटत होतं, पाणी बंद केलंय ते प्रश्न विचारते म्हणून. शिक्षा आहे ती. त्यामुळं पाणी का बंद केलं, हेसुद्धा तिनं आईला विचारलं नव्हतं.

मला कसंतरीच झालं. म्हटलं, "बाय, तू विचारत जा. बिनधास्त विचार."

ती म्हणाली, "दिवसाला किती?"

इथं माझी गाडी अडकली. किती पण विचार म्हणावं, तर दोन वर्ग सांभाळणारे सर डोळ्यासमोर. कमी विचार म्हणावं, तर पोरगी परत गप. आमच्या कारखान्यात न विचारता मशीनला हात घातला की हात जातो, आणि लई विचारलं की काम जातं. मधलं माप कुणी सांगितलंच नाही मला.

"अंदाजानं विचार," म्हटलं. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं. मला पण नव्हतं पटलं. तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो.

काल वहिनींच्या मोबाईलवरून तिचा फोन. "काका, सरांनी शनवारी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आन् टँकरचं सांगितलं! पृथ्वी एकसारखी फिरती, ब्रेक मारत न्हाय. पप्पा ब्रेक मारतेत, म्हणून हिंदकळतंय."

मला अर्धंच कळलं. म्हटलं, मग पप्पांनी ब्रेकच मारला नाही तर? आणि एवढी फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही? आणि कधी थांबलीच तर...

"काका, तुमी लई विचारता," ती म्हणाली. "आता शनवारपर्यंत थांबा."

सर, तुमचे उपकार आहेत. पोरगी बोलायला लागली. पण वर्गात किती विचारावं आणि किती गिळावं, माझं अजून ठरेना... हे वाचणाऱ्यांत कुणी शिकवणारं असेल तर सांगा, मी खरंच विचारतोय.