बंद पडणाऱ्या कॉलेजातलं क्षेत्रकार्य

कॉलेज नीट चालू असलं की किस्से घडत नाहीत, लोकांना काम असतं. आमचं नांदेडचं समाजकार्य महाविद्यालय बंद पडायला आलं आणि किस्स्यांचा ढीग लागला. यंदा प्रवेश वाढले नाहीत तर कुलूप, असं विद्यापीठाचं पत्र आलं होतं. बावन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार? खरंच झोप उडाली होती.

प्राचार्यांनी तातडीची बैठक घेतली. आम्ही समाजकार्यवाले, म्हणून भिंतीवर चार्टपेपर लावून समस्येचं झाड काढलं. मुळाशी ‘समाजात जाणीव नाही’ असं एकमतानं लिहिलं. ‘प्राध्यापक वर्गावर जात नाहीत’ ही फांदी मी सुचवली. जागा उरली नव्हती म्हणे.

*

मग विद्यार्थी शोधायला भोकरला गेलो. एका शेतकऱ्याला तासभर या कोर्सचं महत्त्व सांगितलं. नोकरीची हमखास संधी आहे, हेही सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, “सर, तुमचीच नोकरी जाऊन राहिली म्हन्तेत, आन् माझ्या पोरीला लावून देता व्हय?”

*

लातूरच्या कॉलेजाचीही हीच गत. म्हणून ऐक्याची बोलणी करायला आम्ही तिकडे गेलो. जमलंच तर त्यांची चार-दोन पोरं फोडायचाही विचार होता. स्टाफरूम रिकामी. शिपाई म्हणाला, सगळे सर ऐक्यासाठी नांदेडला गेले हायत.

*

शेवटी तपासणी समिती आली. क्षेत्रकार्यात विद्यार्थी एखादा ‘सेवार्थी’ निवडून त्याची समस्या अभ्यासतात; अध्यक्षांनी त्याची एक फाइल मागितली. उमरीची सुनीता, आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, तिनं आपली दिली. अध्यक्ष मोठ्यानं वाचू लागले.

“सेवार्थी : प्राध्यापक, वय बावन्न. समस्या : नोकरी जाण्याची भीती. दोष कायम इतरांना देतात. स्वतः तासाला उशिरा येतात. दोन गृहभेटी दिल्या, पत्नीने सविस्तर माहिती दिली.”

सुनीता दोनदा घरी आली होती. मला वाटलं, सहीसाठी. बायकोनं चहा देऊन तासभर गप्पा मारल्या होत्या.

शेवटच्या पानावर लाल शाईत मार्गदर्शकाचा शेरा होता : ‘उत्कृष्ट निरीक्षण. सर्वांनी असेच काम करावे.’ खाली माझी सही.

अध्यक्षांनी उठून माझा हात हातात घेतला. “स्वतःवर असा अभ्यास करू देणारे मार्गदर्शक हल्ली आहेत कुठं?” म्हणाले, आणि तिथंच एक वर्षाची मुदतवाढ लिहून दिली.

समिती जेवायला गेल्यावर सुनीता हळूच म्हणाली, “सर, तुम्ही ते वाचलं नव्हतं ना?”